सुटे टाके

घसा खाकरल्याचा आवाज आला आणि तिची बोटं कोटावर जागच्या जागी थांबली. दोन आखूड खाकऱ्या आणि मग एक लांब, ओढलेली, पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकवाव्यात तशी. माणूस आत येऊन उभा राहिला होता तेव्हा तिनं वर पाहिलंच नव्हतं. झडतीच्या खोलीत येणाऱ्याच्या तोंडाकडे आधी बघायचं नाही, हा तिचा नियम होता. तोंडं खोटं बोलण्यात मुरलेली असतात, सामान बिचारं तेवढं शिकलेलं नसतं. तिनं आधी कोट पाहिला होता. भारी लोकर, आतून रेशमी अस्तर, शिवणारा हात चांगला, आणि खांद्याच्या ठेवणीवरून कळत होतं की घालणारा हल्ली त्यातून हळूहळू वजा होत चाललाय. आता तिनं मान वर केली. गाल बसलेले, डोळ्यांखाली पिशव्या, नाकाशी सारखा रुमाल. हा चेहरा तिनं ओळखला नसता. पण त्या खाकरण्यामागोमाग एके काळी एक शब्द यायचा, दवाखान्यातल्या पडद्याच्या पलीकडून, न चुकता, आणि बाकावरच्या रांगेतला एकजण घाईघाईनं उठायचा. आता हा म्हणेल "पुढचा!" असं तिला वाटलं. तो म्हणाला, "पंखा जरा कमी करता का, ताई? थंडी वाजतेय."

पंखा बंद होता. तिनं उठून बटणाशी हात नेला, खालीवर केल्यासारखं केलं आणि परत येऊन बसली. "आता?" "हो, आता बरं आहे," तो म्हणाला, आणि तिला पहिली गंमत वाटली. शेवटच्या गोळीचा अंमल उतरायला लागला की माणसाला कुठला कुठला वारा लागायला लागतो, हे तिला पाठ होतं. व्यसनमुक्ती केंद्राची ही इमारत पूर्वी बालवाडीची होती. झडतीच्या खोलीतलं बेसिन अजून गुडघ्याच्या उंचीचं होतं, त्यामुळे सापडलेला माल ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं धुऊन टाकायचा म्हटलं की भल्याभल्यांना कमरेत वाकावं लागे. इथे दाखल होणाऱ्यांना पाहुणे म्हणायची पद्धत होती. पाहुण्यांनी तिला चाळणी नाव ठेवलं होतं. मूळची ती शिंपीण. चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायला म्हणून आली, आणि एकदा कुणाच्या तरी पिशवीचा बंद शिवता शिवता तिच्या बोटांना बंदाच्या आत काहीतरी खरखरलं, तेव्हापासून सरांनी तिला इथंच बसवून टाकलं. सर म्हणजे केंद्राचे समुपदेशक, स्वतः कधीकाळी याच वाटेनं बुडून वर आलेले. ते म्हणायचे, "आमच्याकडे कुत्रा नाही, शिंपीण आहे. कुत्र्याला बिस्कीट टाकून गप्प बसवता येतं."

तिनं आपलं काम सुरू केलं. बुटांचे तळ, दाढीच्या ब्रशची मूठ, पेस्टच्या नळीचं शेपूट. "काही राहिलंय का? आत्ता सांगितलंत तर बरं असतं."

"ताई, मी स्वतः डॉक्टर आहे."

"म्हणूनच विचारलं."

तो कसनुसा हसला. "होतं ते सगळं घरी टाकून आलोय. सुटायचं ठरवूनच आलोय मी."

सगळेच ठरवून आलेले असतात. तिनं कोट उलटा केला आणि नेहमीप्रमाणे कॉलरपासून सुरुवात केली. बाकीचे लोक खिशापासून करतात. ती कॉलरपासून का करते हे इथं कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मानेच्या बरोबर मागे, लोकर आणि अस्तर यांच्या मध्ये, बोटाच्या पेराखाली ते लागलं. चापट, कडेला कडक, दाबलं की सूक्ष्म फुगवटे. गोळ्यांची पट्टी. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवर बालवाडीच्या दिवसांपासून राहिलेलं एक बदक बघत होता, फारच मन लावून. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तिला स्वतःलाच नवल वाटलं. "काही नाही," ती म्हणाली. कोटाची घडी घातली, केंद्राचा ढगळ पायजमा-सदरा त्याच्या हातात दिला आणि सामान कुलपातल्या खोलीत नेऊन ठेवलं. त्यानं सोडलेला श्वास तिला पाठमोरीला ऐकू आला. सोड, ती मनात म्हणाली, अजून बरेच सोडायचेत.

बारक्या पाट्या रंगवायचा. तिचा धाकटा भाऊ. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, कुठल्याही. छापील पाट्यांचा सुळसुळाट झाला तरी त्याच्याकडे लोक यायचे, कारण त्याची अक्षरं कशी भरल्या पोटानं बसलेली असायची. शिडीवरून पडला तेव्हा कपाळ फुटलं आणि पाठीचा मणका चेपला. हाडांचा हाच डॉक्टर. कपाळावरचे टाके त्यानंच घातले होते, आणि शिंपीण असल्यामुळे तिनं ते कौतुकानं न्याहाळले होते: प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाची आपली आपली गाठ, एक तुटला तरी शेजारच्याला पत्ता लागू नये. तिच्या धंद्यात असं कुणी शिवलं तर गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकेल. ती तसं म्हणालीसुद्धा, आणि डॉक्टर मनापासून हसला होता. "तुमच्या शिवणीला पू होत नाही, बाई. आमच्या शिवणीला होतो." मग गोळ्या लिहून दिल्या. फिकट गुलाबी, खडीसाखरेएवढ्या. "याची सवय लागते का हो?" तिनं विचारलं होतं. "जुन्या औषधांची लागायची. ही नवीन आहेत. दुखतंय तोवर निर्धास्त घ्यायच्या." आणि मग बारक्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "बहिणीनं इतकी काळजी करू नये. शेवटी बहिणीच आजारी पडतात." ती हसली होती. हे तिच्या खात्यावर आजतागायत नावे पडलेलं होतं, की ती हसली होती. पाठ दुखायची थांबली आणि गोळ्या वाढत गेल्या. गोळी असली की बारक्याचा हात असा स्थिर राहायचा की पाण्यावर रेघ ओढावी. त्या दिवसांत त्यानं डॉक्टरची पाटी रंगवली, आयुष्यातली सगळ्यांत देखणी, आणि बदल्यात काही घेतलं नाही, उपकार मानले. गोळी नसली की ब्रश पेल्याच्या काठावर टकटक टकटक वाजायचा. मग एक दिवस पडद्यामागून खाकरणं आलं, "पुढचा!" आलं, बारक्या उठून आत गेला आणि लगेच बाहेर आला. डॉक्टर त्याच्या मागोमाग पडद्यापर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "असल्या लोकांनी इथे यायचं नाही. माझा दवाखाना आहे, अड्डा नाही." आवळा देऊन कोहळा काढतात असं म्हणतात. यानं दोन्ही आपल्याकडेच ठेवले आणि वर हात झटकले.

पुढचं ती कुणाला सांगत नसे. बारक्यानं घरच्या घरी सोडलं. तिनं आणि आईनं त्याला खोलीत कोंडून, घामानं भिजलेली अंथरुणं बदलत, शिव्या खात, पार पाडलं. घर तिनं चाळून काढलं: ब्रशांच्या पोकळ मुठी, पडद्यांच्या दुमडी, आईची टाचण्यांची उशी. सगळीकडून काढलं, धुऊन टाकलं. तो खायला लागला, शीळ घालायला लागला, एक लहानशी पाटीसुद्धा रंगवली. आणि मग एका भर दुपारी, आई भाजी आणायला गेलेली असताना, गेला. शरीर विसरलेलं होतं, मन विसरलेलं नव्हतं. जुनं माप घेतलं आणि ते पेललं नाही. त्याच्या अंगातल्या शर्टाची कॉलर उसवलेली होती. शर्ट तिनं शिवलेला. सगळं घर धुंडाळणाऱ्या बाईनं स्वतःची शिवण तेवढी तपासली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं शेजारची कुणीतरी म्हणाली होती, वाईट मनानं नव्हे, म्हण आठवली म्हणून. काही माणसांना म्हण आठवली की ती गिळता येत नाही. त्या बाईशी ती अजून बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी सामानाच्या खोलीत तिनं कोट मांडीवर घेतला. बघायचं होतं फक्त. कॉलरच्या खालची कड उचलली आणि तिला हसूच आलं: सुटे टाके. प्रत्येकाला स्वतःची गाठ, ओळीनं, काळ्या दोऱ्याचे. सवय लागत नाही म्हणणाऱ्याच्या हाताची सवय. तिनं एकेक टाका कापला. आतून तीच पट्टी निघाली, त्याच गोळ्या, तोच फिका गुलाबी रंग, फक्त वेष्टनावरची अक्षरं बदललेली. आता ही नोंदवायची तर सरांना सांगावं लागणार की सकाळी मी "काही नाही" म्हणाले ते खोटं होतं. तिनं ती आपल्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली ठेवून दिली.  परत करायची तर व्याजासकट करू, एवढंच काहीतरी मनात होतं.

मग त्याचे हाल सुरू झाले आणि तिनं ते मन लावून पाहिले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इतर पाहुण्यांच्या खोलीत चादर बदलायला ती निरोपानं जायची. याच्या खोलीत निरोपाआधी. पाय झाडत होता, उलटी होत होती, अंगावर काटा उभा राहून बसत होता आणि पुन्हा उभा राहत होता. "ताई, सरांना सांगा ना, एकच. मी डॉक्टर आहे, मला माप कळतं." ती म्हणायची, "पाणी देऊ?" "ताई, तुम्हाला नाही कळणार हे." "नाही कळत हो आम्हाला." ती उशी झटकायची, जरा जास्तच जोरात. तिच्या मनातल्या मनात जमा होत होतं सगळं: बारक्याच्या घामाला याचा घाम, बारक्याच्या ओकारीला याची ओकारी, बारक्यानं आईचे पाय धरले होते, त्याला मात्र काही नाही. यानं अजून कुणाचे पाय धरले नव्हते. तेवढी एक बाकी होती. एका सकाळी तो पलंगावरून खाली घसरला आणि तिच्या चपलेवर हात ठेवून म्हणाला, "हाकलू नका मला, ताई. मी सोडा म्हटलं तरी सोडू नका." खातं मिटायला हवं होतं. पण तिच्या लक्षात आलं ते भलतंच. ती ज्याला सूड समजून चवीनं घास घास खात होती, त्याला सरांच्या भाषेत उपचार म्हणतात. गोळी न देणं, दार न उघडणं, रडण्याला न भुलणं: तिच्याइतक्या निष्ठुरपणानं ते केंद्रात कुणालाच जमत नव्हतं, आणि त्यामुळे केंद्रात त्याच्याइतक्या झपाट्यानं कुणी बरंही होत नव्हतं. सर एकदा म्हणाले, "डॉक्टरांचं श्रेय तुम्हाला जातं." दगड मारावा आणि तो देवळाच्या पायरीत बसवला जावा, तसं तिला झालं.

बरा झाल्यावर तो पुन्हा देखणा दिसायला लागला, हे तर आणखीच चीड आणणारं. गाल भरले. खाकरण्यात पूर्वीचा रुबाब आला. पाहुण्यांपुढे आठवड्याला एकानं बोलायचं असे. सरांनी त्याला बोलायला सांगितलं. ती दाराशी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभी राहिली. तो छान बोलला. माणूस अफू खात आला हजारो वर्षं. मग अफूतून मॉर्फिन काढलं आणि म्हणाले, आता अफूचं व्यसन सुटेल. मग मॉर्फिनची माणसं झाली, तेव्हा आणखी एक काढलं, खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं आणि म्हणाले, हे मॉर्फिनसारखं नाही, याची सवय लागत नाही. "काय होतं ते?" त्यानं विचारलं. मागून एक टॅक्सीवाला पाहुणा म्हणाला, "आमच्याकडे ते खोकल्यासाठी कुणी मागत नाही, डॉक्टर." सगळे हसले. "बरोबर. हेरॉइन. सर्दीखोकल्याला. लहान मुलांनासुद्धा." पुन्हा हशा, जरा घाबरलेला. "म्हणजे प्रत्येक नवं औषध हे जुन्या औषधाची चूक सुधारायला आलं, आणि प्रत्येकाच्या हातात तीच चिठ्ठी होती: याची सवय लागत नाही."

"आणि चिठ्ठी देणारे कोण?" तिनं दारातून विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

माना वळल्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्यात चाळणीपलीकडे काही न दिसता. "आम्ही, ताई. कंपन्यांची माणसं आम्हाला सांगायची, आम्ही विश्वास ठेवायचो."

"आणि पेशंट?"

"पेशंट आमच्यावर ठेवायचे." तो म्हणाला. "शेवटी मीही माझाच पेशंट झालो. स्वतःच्याच हातानं लिहून घेतलं, आणि स्वतःवर विश्वास ठेवला."

टाळ्या पडल्या. बँकेतल्या बाई, ज्या झोपेच्या गोळ्यांपायी तिसऱ्यांदा आल्या होत्या, डोळे टिपत म्हणाल्या, "किती प्रामाणिक माणूस!" तिनं चादरींचा गठ्ठा छातीशी असा आवळला की घड्या मोडल्या. कबुलीसुद्धा यानं नफ्यात विकली. "पेशंट" म्हणाला. एक आख्खी रांग एका शब्दात बसवली, आणि तीत कपाळावर टाके असलेला एक मुलगा कुठेतरी शेवटी, उभाच, बाकावर जागा नसल्यासारखा.

घरी आईला तिनं इतके दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा आई खिडकीशी शेंगा सोलत होती. खिडकीतून समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी दिसायची, बारक्याची शेवटची, अक्षरं थोडी तिरकी. न्हाव्यानं ती बदलली नव्हती आणि त्यामुळे आई त्याला मुलासारखा मानायची. "तो डॉक्टर आलाय आमच्याकडे," ती म्हणाली. "कुठला?" "तोच." आईचे हात थांबले नाहीत. पुढची शेंग उचलत म्हणाली, "जेवतो का नीट?"

"आई! तो जेवो नाहीतर मरो, तुला काय त्याचं?"

"विचारलं आपलं."

"चांगलं अंग धरलंय. सोडतायत त्याला लवकरच. परत दवाखाना उघडेल म्हणे."

"मग जेवू दे," आई म्हणाली. शेंगेतून दाणे काढून तिनं टरफल बाजूला टाकलं. "माणूस उभा राहिल्यावर पडला की जास्त लागतं. आपला नव्हता का उभा राहिला?"

एवढंच. आई पुन्हा शेंगांकडे वळली, जशी काही हवेबद्दल बोलली होती. पण तिच्या डोळ्यांपुढे शिवणाचा डबा आला, बॉबिनांच्या खालची पट्टी आली, आणि इतके दिवस ती कशाची वाट बघत होती ते कळलं.

निरोपाच्या आदल्या दिवशी सर प्रत्येक पाहुण्याला बसवून एकच गोष्ट सांगत. तिनं ती भिंतीपलीकडून ऐकली. "बाहेर पडल्यावर पहिली चूक ही शेवटची ठरते. शरीराला जुनं माप आता पेलणार नाही. हे मी तुम्हाला नाही सांगायचं, तुम्ही डॉक्टर." "नाही, सांगा," तो म्हणाला, "पुन्हा सांगा." ती सामानाच्या खोलीत जाऊन बसली. मांडीवर कोट, सुईत काळा दोरा. घाई नव्हती. कुणाच्या तोंडात ती काही कोंबणार नव्हती, कुणाला फसवून काही पाजणार नव्हती. ज्याचं होतं ते जिथं होतं तिथं ठेवणार होती. सामान परत करणं हे तर तिचं कामच. त्याला वाटतच असणार की पट्टी तिथंच आहे, रोज अंथरुणात पडल्या पडल्या तो कुलपाआडच्या त्या कॉलरचा विचार करत असणार, बारक्या जसा भिंतीकडे तोंड करून करत असेल. मग तीच कॉलर, तीच दुपार, तीच एकटी खोली. फिट्टंफाट.  असा विचार करताना तिचा हात फार दिवसांनी इतका सुरेख चालला. टाके इतके बारीक पडत गेले की अस्तरानं त्यांना गिळलं. कॉलरची कड कारखान्यातून आल्यासारखी दिसायला लागली. दोरा दातानं तोडताना तिला स्वतःच्या कामाचं समाधानसुद्धा वाटलं, हे विशेष. त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी तो झडतीच्या खोलीत आला. जाणाऱ्याची झडती घेत नसत. सामान टेबलावर ठेवायचं, त्यानं बघून घ्यायचं, नमस्कार करायचा आणि निघायचं. त्यानं ब्रश, बूट, पाकीट उचललं. कोटाला हात लावला नाही.

"ताई, एक राहिलंय. तुम्ही पहिल्या दिवशी चुकलात."

तिचा हात कोटावर गेला.

"कॉलरमध्ये आहे. मीच शिवली होती." तो भराभर बोलत होता, थांबलो तर बोलू शकणार नाही असा. "रोज ठरवायचो की तुम्हाला येऊन सांगायचं. रोज वाटायचं, असू दे, असलेली बरी. आज हा कोट अंगात घालून मी त्या कोपऱ्यापर्यंतही नीट पोहोचणार नाही, मला माहितीये. कात्री द्या."

"राहू द्या," ती म्हणाली. "मी बघते. मी टाकते धुऊन."

"नाही. ज्याचं त्यानं धुवायचं, तुमचाच नियम."

तिच्या गळ्यातली कात्री त्यानं मागून घेतली. कोट उलटा केला, कॉलर उचलली आणि कात्रीचं टोक कडेशी नेलं. तिथंच ते राहिलं. त्यानं कॉलर खिडकीच्या उजेडात धरली. अंगठा कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पुन्हा उलटा फिरवला, एखादं हाड जुळलंय का ते बघावं तसा. तिला आपली चूक त्याच्या अंगठ्याखाली दिसली. सलग, बारीक, दिसेनाशी तुरपाई, एकही गाठ नाही. वाईट शिवायला हवं होतं आणि तेवढं एक तिच्या हातानं ऐकलं नव्हतं.

"हे टाके माझे नाहीत," तो म्हणाला.



त्यानं तुरपाई कापली. आतून पट्टी काढली, उजेडात धरून बघितली, सगळे फुगवटे शाबूत. दरवाजाकडे पाहिलं. दारापलीकडे सर कुणालातरी हसत काहीतरी सांगत होते. एक हाक पुरली असती, तिची इथली जागा संपली असती, कदाचित त्याहून जास्त. त्यानं हाक मारली नाही. तो बेसिनपाशी गेला, कमरेत वाकला, मग तसं जमेना म्हणून चक्क गुडघ्यांवर बसला, आणि एकेक गोळी काढून नळाखाली चुरत राहिला. गुलाबी पाणी बराच वेळ वाहत होतं. ती मोकळ्या हातांनी बघत होती. तिच्याकडे होतं नव्हतं ते त्या बालवाडीच्या बेसिनमधून चाललं होतं, आणि तो ते स्वतःच्या हातानं घालवत होता, म्हणजे तेही त्याच्याच पुण्यात जमा.

नळ बंद करून तो उठला नाही. तिथंच, भिंतीवरच्या बदकाखाली, बसून राहिला. "सापडली होती तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. आणि परत ठेवलीत. मी मरावं म्हणून." हे त्यानं रागानं म्हटलं नाही, मृत्यूचा दाखला लिहिताना म्हणतात तसं म्हटलं. मग वर बघितलं, पहिल्यांदाच नीट, तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि काहीच न सापडून विचारलं, "तुमचं कोण होतं?"

या प्रश्नासाठी तिनं किती उत्तरं घडी घालून ठेवली होती! त्याच्या तोंडावर फेकायला, हळू सांगायला, ओरडून सांगायला. सगळी एकदम जिभेवर आली आणि तिनं ती परत गिळली. सांगितलं की याचं काम संपलं. हा रडेल, पाया पडेल, माफी मागेल, पुढच्या बैठकीत कुणापुढे तरी सांगेल आणि टाळ्या घेईल.

"आठवा," ती म्हणाली.

"मला... खरंच, ताई, इतकी माणसं..."

"आठवा."

त्यानं ओले हात चेहऱ्यावरून फिरवले. "कंबरेच्या त्या मास्तरीणबाई? काठी घेऊन यायच्या. तुम्ही त्यांच्या सूनबाई?"

"नाही."

"ट्रकवाला. पाय काढावा लागला होता. त्याची बायको फार भांडली होती माझ्याशी."

"नाही."

"एक मुलगी होती, नाचायची, गुडघा..." त्याचा आवाज बारीक झाला. आपल्याला हे आठवतंय याचंच त्याला नवल वाटत होतं. झाकण उघडलं आणि आतून हात वर यायला लागले, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. "तिचे वडील आले होते नंतर. मी आत आहे म्हणून सांगू नका म्हटलं होतं."

"नाही."

 मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पाट्या रंगवणारा एक होता. शिडीवरून पडलेला. माझी पाटी त्यानंच रंगवली. शेवटचं अक्षर राहिलं होतं, तेव्हा रांग थांबवून मला खाली बोलावलं. म्हणाला, डॉक्टर, इथे उभे राहा जरा. तुम्ही बघत असलात की हात हलत नाही." त्यानं हात गुडघ्यांवर पुसले. "मी उभा राहिलो होतो. उन्हात. अक्षर पुरं होईपर्यंत."

हे तिला माहीत नव्हतं. बारक्यानं सांगितलं नव्हतं. तिला ते ऊन दिसलं, शिडी दिसली, वर श्वास रोखलेली पाठ आणि खाली मान वर करून उभा असलेला हा, आणि पेल्याच्या काठावर न वाजणारा ब्रश. तिनं टेबलाची कड धरली.

"त्याच्याबरोबर त्याची बहीण यायची," तो म्हणाला, आणि मान वर करून तिच्याकडे बघू लागला. "टाक्यांवरून काहीतरी थट्टा केली होती तिनं. ताई, तुम्ही..."

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

तो तिच्याकडे बघत राहिला, तीही त्याच्याकडे. बेसिनच्या तोंडाशी एक गुलाबी थेंब जमत होता. शेवटी त्याची नजर खाली गेली, लांब कुठेतरी, बाकावरच्या रांगेत आणखी मागे. त्यानं घसा खाकरला, दोनदा आखूड, एकदा लांब.

"पुढचा," ती म्हणाली.